जास्तीचं मूल

फोन आला तेव्हा हिरा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढून मोबाइल आभाळाकडे धरून उभी होती. वस्तीत रेंज मिळायची ती एवढ्याच जागी, तीही तिची लहर लागली तर. सकाळी काढलेला मुलांचा फोटो अंगणवाडीच्या ॲपात चढवायचा होता आणि तो बेटा मधेच अडकून गोल गोल फिरत बसला होता. खाली कापणी झालेली भाताची खाचरं मोकळी पडली होती. त्यांच्यावर धुकं अजून उठलेलं नव्हतं. हिराची बोटं गारठून गेली होती आणि सरकारनं दिलेल्या त्या मोबाइलला ती मनातल्या मनात शेलक्या शिव्या घालत होती, तेवढ्यात तो वाजला. व्हॅनवाला हनुमंत होता. "बाई," तो म्हणाला, "तुमचं एक पोरगं जास्तीचं आलंय आमच्यात." हिराला आधी काही कळेचना. जास्तीचं म्हंजी काय, असं तिनं विचारलं. "म्हंजी गाडीत. शाळंत उतरवून घेताना मावशीनं मोजली तर एक वाढलं. मरून स्वेटर घातलेली पोरगी हाये. नाव प्रेरणा सांगती. तुमी आधी निगा, मॅडम लय कावल्यात."

पहिल्या क्षणाला तिच्या मनात आलं ते असं, की आपल्याकडे जास्तीचं व्हायला मूल आहेच कुठं. अंगणवाडीत रोज दिवसभर बसणारं मूल एकच होतं. ते तिच्या लेकाचं, तिची नात प्रेरणा. मग तोंडचं पाणी पळालं. ती कट्ट्यावरून उतरली ती जवळजवळ घसरतच. अंगणवाडीच्या ओट्यावर मदतनीस शालूबाई डाळ निवडत बसली होती. दिवसाढवळ्या सुद्धा तिला डोळ्यापाशी सूप धरावं लागायचं. "पोरगी कुटंय, मावशी?" हिरानं विचारलं. शालूबाईनं मान वर केली. "तुझ्यासंगं टाकीवर न्हाई व्हय आली? मला वाटलं, तुझ्या मागं मागं गेली." म्हणजे ह्या बाईला वाटलं पोर तिच्याकडे, तिला वाटलं पोर ह्या बाईकडे, आणि पोर लोणावळ्यात. हिरानं चप्पल पायात सरकवली आणि फाट्याकडे चालायला लागली. मागून शालूबाई काहीतरी विचारत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

जुन्या हायवेवर सहा सीटर मिळाली. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या बुडावर बसायला मिळालं. गार वारा सरळ छातीवर येत होता. आता ती दुसऱ्याची व्हॅन अंगणवाडीच्या दारात थांबतेच कशाला, असं एखाद्या परक्यानं विचारलं असतं, तर हिराला नीट सांगता आलं नसतं. वस्तीत मात्र कुणीच विचारत नव्हतं, कारण त्यात सगळ्यांचंच भागत होतं. आयांना पोरं इंग्लिश शाळेत हवी होती आणि अंगणवाडीची पोषण आहाराची पाकिटंही घरी हवी होती. ऑफिसला फोटोत मुलं हवी होती. हिराला दार उघडं राहायला हवं होतं. मग कुणीतरी म्हणालं, गाडी तर इथूनच जाते, दोन मिनिटं थांबली तर कुणाचं काय बिघडतं. तेव्हापासून रोज सकाळी ती पिवळी गाडी दारात थांबायची, पोरं टणाटणा उड्या मारत उतरायची, गळ्यातले टाय काढून खिशात कोंबायची, हात धुऊन भिंतीवर रंगवलेल्या फळांखाली ओळीत उभी राहायची. खिचडीचा एकेक घास, एक फोटो, की परत गाडीत. ह्याला कुणी खोटेपणा म्हणावं तर म्हणावं. मुख्यसेविका बाईंना तिनं एकदा सांगायचा प्रयत्न केला होता, तर त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "हिराताई, मला काही सांगू नका. फोटोत मुलं दिसू देत, एवढंच. मुलं दिसली की वरून सगळं येतं. नाही दिसली की तुमची अंगणवाडी पलीकडच्या गावाला जोडतील. मग बसा." पलीकडचं गाव म्हणजे ओढा आणि चढ. लावणीच्या दिवसांत वस्तीवर बाहेरचे मजूर येऊन राहायचे. त्यांची लेकरं तिकडं चालत गेली असती म्हणता? आणि पोटुशी बाई वजन करायला तो चढ चढली असती? हिरा हे सगळं स्वतःला सांगायची. रोज सांगायची म्हणजे त्यात काहीतरी डाचत होतं हे उघड आहे.

सहा सीटर कार्ल्याच्या फाट्याला थांबली, दोन बाया चढल्या, हिरा आणखी थोडी कडेला सरकली. सकाळी झालं काय होतं, ते ती आठवायला लागली. गाडीला उशीर झाला होता. हनुमंतनं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं, वरून हॉर्न वाजवत होता. फोटो झाल्यावर ती दारात उभी राहिली होती आणि एकेकाला काखेत हात घालून वर चढवत होती. गाडीची पायरी उंच, लेकरांचे पाय पुरत नाहीत. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. लेकरं हात वर करून उभी राहायची. ती उचलायची. उचलताना तोंड कोण बघतं? स्वेटर मरून होता की वर ठेवायचं. आणि प्रेरणाच्या अंगात आज मरून स्वेटर होता. मधल्या आळीतल्या राजेंद्रच्या बायकोनं मुलीला आखूड झाला म्हणून दिलेला, शाळेचाच. म्हणजे हनुमंतची चूक नव्हती, शालूबाईच्या डोळ्यांची नव्हती. हिरानं तिला आपल्याच हातानं गाडीत ठेवलं होतं. हे लक्षात आलं तसा तिला छातीवरचा वारा जाणवायचा बंद झाला. तिला आणखी एक आठवलं, किंवा आठवतंय असं वाटलं, की शेवटचं मूल फार हलकं होतं आणि त्यानं हात नेहमीपेक्षा उंच केले होते. पोर बोलली नव्हती. मी न्हाई जायची, म्हणाली नव्हती. चार वर्षांच्या पोरीला आपण कुठल्या रांगेतले ते कळत नाही असं थोडंच आहे. तिनं हात वर केले होते.

आणि तो स्वेटर घातला कुणी? तेजलनं. हिराची सून. रोज सकाळी तेजल लोणावळ्याला चिक्कीच्या कारखान्यात कामाला जाण्याआधी पोरीची वेणी घालून तिला सासूच्या हवाली करायची. आज तिनं नेमका तोच स्वेटर काढावा. हिराच्या मनात संशयाचं कुत्रं भुंकायला लागलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. थंडी होती, स्वेटर होता, घातला. पण घरात गेलं वर्षभर जे चाललं होतं ते काही स्वेटरपुरतं नव्हतं. तेजल तोंडाला तोंड देणारी मुलगी नव्हे. भाकरी थापता थापता पाठ करूनच बोलायची. "सगळ्या गावाची पोरं तिकडं. आपलीच हितं का, आई?" हिराचा लेक निलेश तळेगावच्या कंपनीतून दमून यायचा, तो दोघींच्या मधे पडायचा नाही. हिरा म्हणायची, मी सेविका, माझीच नात तिकडं गेली तर लोकांनी मला काय म्हनावं? तेजल म्हणायची, लोकांनी म्हनायचं ते लोकांनी त्यांची पोरं नेली तवाच म्हनून झालं. तेवढ्यावर हिरा उठून दिव्याची वात वर करायची, किंवा बाबासाहेबांच्या फोटोवरची धूळ पुसायची. शिका, असं सांगणाऱ्या त्या माणसाच्या फोटोसमोर ती नातीला शाळेत जाऊ देत नव्हती. नाही, असं नव्हतं. अंगणवाडी ही शाळाच होती. तिनं हे किती जणांना ठणकावून सांगितलं होतं.

कधीकाळी होती सुद्धा. हिरा लग्न होऊन वस्तीवर आली आणि पुढं सेविका झाली तेव्हा खोलीत पोरं मावायची नाहीत. तेव्हा मोठ्या घरच्या बायका दारापर्यंत यायच्या आणि तोंडभर हसून म्हणायच्या, "शिकवा तुमी, वाढायला तेवढी शालूबाई असू द्या." शालूबाई त्यांच्यातली, विधवा, गरीब, पण त्यांच्यातली. हिरा काय समजायचं ते समजली. तिनं पळी शालूबाईच्या हातात दिली आणि आपण पोरांना गाणी शिकवत बसली. कितीतरी वर्षं असंच चाललं. मग एका पावसाळ्यात शालूबाईला ताप आला, ती महिनाभर उठली नाही, आणि हिरानं शिजवलं, हिरानं वाढलं. पोरं जेवली. कुणाच्या आया आल्या नाहीत, कुणी ताट उचलून नेलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, की आज मी वाढलं. तो हयात होता तेव्हा. त्याला कळलं. पुढं शालूबाई बरी होऊन आली तरी पळी कधी हिच्या हातात, कधी तिच्या, कुणी बघेनासं झालं. आपल्या आयुष्यात आपण एक काम केलं असं हिराला वाटायचं ते हेच. त्याचा सत्कार नाही, कागद नाही.

आणि मग ती पिवळी गाडी आली. कधी आली, तर संपात. सेविकांचा तो लांबलेला संप. हिराही मुंबईला जाऊन मैदानात बसली होती, मानधन वाढवा म्हणून घसा बसेपर्यंत ओरडली होती. इकडे अंगणवाडीला कुलूप. कुलूप दिसल्यावर माणसं काय करणार? लोणावळ्याची शाळा गाडी पाठवायला तयारच होती. हिरा परत आली, कुलूप काढलं, झाडलोट केली, आणि पोरं आलीच नाहीत. तेव्हापासून एक गोष्ट तिला आतून पोखरत होती. ती कुणापाशी बोललेली नव्हती. ही माणसं इंग्रजीसाठी गेली, की संधी मिळाली म्हणून गेली? इतकी वर्षं जे मिटलं असं आपण धरून चाललो, ते मिटलंच नव्हतं आणि ह्यांना फक्त एक स्वच्छ निमित्त हवं होतं? विचारणार कुणाला. विचारलं तर सगळे इंग्रजी म्हणणार आणि ते खरंही असेल. आपल्याही सुनेला इंग्रजीच तर हवी होती. अशा वेळी हिराचा स्वतःवरचाच विश्वास उडायचा. वाटायचं, हे आपल्या डोक्यातलंच खूळ आहे. मग वाटायचं, नाही, खूळ नाही. असं इकडून तिकडं, तिकडून इकडं.

लोणावळ्यात बाजारातून आत वळलं की गल्ल्या शांत होतात. बंगल्यांना शनिवारी-रविवारी जाग येते. आज मधला वार होता. शाळेचा बंगला तिला विचारत विचारत सापडला. फाटकावर इंग्रजी नाव, ढग आणि ससे काढलेले. आतून चिवचिवाट येत होता. तो ऐकून ती फाटकाशीच थांबली. कितीतरी दिवसांत इतक्या पोरांचा आवाज एका ठिकाणाहून तिच्या कानावर आला नव्हता. गुलाबी साडीतली एक मावशी आली. "तुम्ही मुलीच्या कोण?" हिराच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सेविका. अंगणवाडीची." मावशीनं मान हलवली. "तसं देता येत नाही. घरचं माणूस लागतं." घरचंच, घरचंच हाये मी, असं हिरा घाईनं म्हणाली, आज्जी लागते मी तिची. मावशीनं तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. एका श्वासात सेविका, दुसऱ्या श्वासात आजी. पाहणारच की.

व्हरांड्यात बुटांच्या मांडणीशेजारी एका लहान बाकावर प्रेरणा बसली होती. पाय जुळवून, हात मांडीवर, अगदी हिरानं शिकवलं होतं तशी. वर्गाचं दार उघडं होतं आणि ती मान वाकडी करून आत बघत होती. रडलेली दिसत नव्हती. हिराला बघून ती उठली नाही. शाळा चालवणाऱ्या रुपाली मॅडम बाहेर आल्या. पस्तिशीच्या, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर सकाळपासूनचा शीण. त्या ओरडल्या नाहीत, हे हिराला जास्त जड गेलं. त्या प्रेरणाजवळ खाली बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बाळा, ह्या कोण आहेत?" प्रेरणानं हिराकडे पाहिलं. मग वर्गाकडे पाहिलं. मग पुन्हा हिराकडे. "बाई," ती म्हणाली. "अंगणवाडीच्या बाई." हिरा पुढं झाली. "आज्जी म्हन बाळा. हितं आज्जी म्हन." पोरीनं पुन्हा वर्गाकडे मान वळवली. नियम हिराचाच होता. शाळंत बाई, घरी आज्जी. बाकीच्यांना वाटू नये की ही सेविकेची लाडकी. बाकीचे गेले, नियम तेवढा राहिला. आता पोर नियम पाळत होती की ओळख टाळत होती? चार वर्षांच्या चेहऱ्यावर असलं काही वाचता येत नाही. हिरानं पुन्हा वाचून पाहिलं. मॅडम उठल्या आणि नरमाईनं म्हणाल्या, "हिच्या आईला बोलावता का? माझाही नाइलाज आहे."

तेजलला यायला वेळ लागला. तोवर हिरा मॅडमच्या खोलीतल्या खुर्चीवर बसून राहिली. खिडकीतून बंगल्यामागचं हिरवळीचं आंगण दिसत होतं. मॅडमनी चहा मागवला. त्या बोलत होत्या, कारण कुणाशी तरी बोलायची त्यांनाही गरज असावी. "मी इंदुरीची. शेतकऱ्याच्याच घरातली. आम्ही पण बालवाडीतली सुकडी खाऊनच मोठे झालो, ताई. त्या बाईंचं नाव सुद्धा आठवतं मला, हौसाबाई." मग म्हणाल्या, "ही शाळा माझी दिसते. पण नाव मुंबईच्या कंपनीचं, त्यांना हप्ता. बंगला भाड्याचा, मालक म्हणतो पार्ट्यांना दिला तर जास्त मिळतील. कंपनीची माणसं न सांगता येऊन बघून जातात. आणि परवा इकडच्याच एका आईनं ग्रुपवर टाकलं, आमच्या मुलांच्या वर्गातली मुलं वाटेत सरकारी खिचडी खायला का थांबवता म्हणून." हिरा ऐकत होती. अंगणवाडी चालायची ती पोरं मोजून, आणि ही शाळाही चालायची ती पोरं मोजून. सगळेच पोरांकडे न बघता मोजत होते. तिनंही आज सकाळी बघितलं नव्हतं.

तेजल आली ती कारखान्यातल्या टोपीसकट, अंगाला गुळाचा वास. धावत आलेली. व्हरांड्यात पोरीला छातीशी धरून तिनं आधी तिचे हातपाय चाचपले. "आई," प्रेरणा म्हणाली, आणि तेवढ्यावर मावशीचं समाधान झालं. मग तेजल खोलीत येऊन उभी राहिली, खुर्ची असून बसली नाही. सासूकडे तिनं पाहिलं नाही. "स्वेटर म्या घातला," ती न विचारता म्हणाली. "थंडी होती." हिरा म्हणाली, "मी कुटं काय म्हनलं?" मॅडमनी दोघींकडे बघितलं आणि जे बोलायचं होतं ते हिराकडे वळून बोलून टाकलं. "ताई, आज तुमच्याकडची मुलगी इकडं आली. उद्या माझं एखादं मूल तिकडं राहिलं तर मी कुणाला तोंड दाखवू? ते थांबणं बंद व्हायला हवं. मी बंद केलं तर वस्तीतल्या आया माझ्यावर चिडतील, पाकिटं गेली म्हणून, मुलं काढतील. तुम्ही नको म्हणालात तर कुणी काही बोलणार नाही." मग म्हणाल्या, "मुलीला माझ्याकडे येऊ दे. फीचं मी बघते. आजपासूनच बसू दे हवं तर. हुशार आहे. आल्या आल्या सगळं नाव सांगितलं तिनं, वडिलांसकट."

म्हणजे झालं तर. एका पारड्यात ती खोली आणि दुसऱ्या पारड्यात ही पोर. हिराला राग यायला हवा होता, तो आला नाही. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. गाडी थांबली नाही की फोटो नाही, फोटो नाही की पोरं नाहीत, आणि मग वरच्या कचेरीत कुणीतरी एक रेघ मारून त्या खोलीला ओढ्यापलीकडं जोडून टाकणार. लावणीला येणाऱ्या बायकांच्या झोळ्या कुठं टांगायच्या? शालूबाईला ह्या वयात कोण ठेवून घेणार? आणि आपण. आपण सकाळी उठून करायचं काय. नाही म्हणावं, असं तिला वाटलं. पोरीचा हात धरावा, उठावं, सहा सीटर धरावी, उद्या पुन्हा फळांखाली ओळ उभी करावी. तेजल काय, आणखी थोडे दिवस पाठ करून बोलेल. एवढं सोसलं, तेवढंही सोसलं असतं. हिरानं तोंड उघडलं सुद्धा. तेवढ्यात घंटा वाजली आणि वर्गातली पोरं भसाभसा मागच्या आंगणात सांडली.

खोलीच्या दारातून दिसलं, प्रेरणा बाकावरून उठली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं. ती आपली त्या लोंढ्यात गेली. हिरा खिडकीतून बघत राहिली. पोरांनी गोल केला, हातात हात घेतले, आणि एका पोरानं काही न विचारता प्रेरणाचा हात धरला. वस्तीतलंच होतं ते, रोज सकाळी फोटोत तिच्या शेजारी उभं राहणारं. मग गोल मोडला आणि पळापळ सुरू झाली, एकमेकांना शिवायची. प्रेरणा पळायला लागली. हिराला वाटलं, हे आपण कधी बघितलंच नाही. अंगणवाडीत गोलाचा खेळ असायचा. हिरा, शालूबाई आणि प्रेरणा, तिघी हात धरून गोल करायच्या. शालूबाईचे गुडघे दुखायचे म्हणून हळूहळू फिरायच्या. शिवाशिवी असली तर पोर पळायची आणि दोन म्हाताऱ्या उभ्या राहून हात पुढं करायच्या, आणि तीच जवळ येऊन शिवून घ्यायची, म्हणजे खेळ पुढं चालावा. तिला वाटत असेल खेळ असाच असतो. आता मागं कुणीतरी खरंच लागलं होतं आणि ती किंचाळत, हसत, जीव तोडून पळत होती. स्वेटरची बटणं सुटली होती. पडली, उठली, पुन्हा पळाली. हिराच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण ह्या लेकराचं काय केलं, असं तिला वाटलं, साध्या शब्दांत असंच. दार उघडं राहावं म्हणून आपण त्या दारात एक मूल अडकवून ठेवलं होतं.

"उद्यापासनं गाडी थांबायची न्हाई," ती म्हणाली. "आयांना मी सांगते." तेजलनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. हिरा खिडकीकडेच बघत होती. मॅडम काहीतरी आभाराचं बोलल्या, ते तिनं नीट ऐकलं नाही. बाहेर पडताना तेजल फाटकापर्यंत तिच्याबरोबर आली. संध्याकाळी कामावरून येताना मी हिला आनते, म्हणाली. मग म्हणाली, "आई, तुमी जेवलाय का?" हिरा म्हणाली, तिकडं शिजलंय. तेजलनं तिच्या खांद्यावरचा घसरलेला पदर नीट केला आणि ती कारखान्याकडे वळली. इतक्या वर्षांत सुनेनं असा पदर सारखा केल्याचं हिराला आठवत नव्हतं. प्रेरणाला निरोप द्यायला ती आत गेली नाही. आजी म्हणू का बाई म्हणू, हा प्रश्न त्या पोरीपुढं परत टाकायला नको, एवढंच तिला कळत होतं.

परतीची सहा सीटर रिकामीच होती. फाट्यावरून वस्तीपर्यंत ती चालत आली. ऊन वर आलं होतं, धुकं कुठल्या कुठं गेलं होतं, खाचरांत कुणीतरी पेंढा रचत होतं आणि त्यानं लांबून हात केला. तिनंही केला. अंगणवाडीच्या ओट्यावर शालूबाई दाराशी बसून होती. पावलांच्या आवाजावरून तिनं ओळखलं.

"घावली का गं?"

"घावली."

"मंग कुटंय?"

"शाळंत," हिरा म्हणाली.

शालूबाई उठली, आत गेली. प्रेरणाच्या लहान ताटलीत खिचडी वाढून वर दुसरी ताटली झाकून ठेवलेली होती. ती तिनं उघडली आणि खिचडी परत पातेल्यात लोटली. पातेलं उचलून बाहेर आणलं, दोघींच्या मधे ठेवलं. "बस," ती म्हणाली. "गार झालीय, पन बस." हिरानं पळी घेतली, आधी शालूबाईला वाढलं, मग स्वतःला. दुसऱ्या घासाला तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही. शालूबाई खाली मान घालून जेवत राहिली. मधेच डाव्या हातानं पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. जेवण झाल्यावर उद्याचे तांदूळ निवडायला शालूबाई रोज सूप घेऊन बसायची. आज ती भांडी घासून आली, हात पदराला पुसले आणि तशीच ओट्यावर टेकली. हिरानंही तिला सूप आण म्हटलं नाही.